गुरूलाही नवा असलेला आजार

प्रश्न : माझी भाची इंग्लंडमध्ये, यॉर्कशरमध्ये, फॅमिली डॉक्टर होण्याचे प्रशिक्षण घेत होती आणि नेमका तेव्हाच कोविड आला. परवा घरी आली तेव्हा म्हणाली, “त्या वर्षी मी आणि माझे ट्रेनर बरोबरीने शिकलो.” मला हे उमगले नाही. आजार शिकवणाऱ्यालाही नवा असेल, तर तो शिकवणार काय? (एक वाचक, मिरज)

उत्तर : आधी तिथली पद्धत सांगतो, कारण निम्मे उत्तर त्या पद्धतीतच आहे. ब्रिटनमध्ये फॅमिली डॉक्टरला जी.पी. म्हणतात आणि त्यासाठी सर्जन किंवा हृदयरोगतज्ज्ञाप्रमाणेच वेगळे शिक्षण घ्यावे लागते. मेडिकल कॉलेज, मग रुग्णालयातली दोन वर्षांची उमेदवारी आणि त्यानंतर तीन वर्षांचे जी.पी. प्रशिक्षण. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून हे प्रशिक्षण बंधनकारक आहे. त्यातला काही काळ रुग्णालयात जातो, पण शेवटी शिकाऊ डॉक्टर एका दवाखान्यात येऊन बसतो. तिथल्या एका अनुभवी जी.पी.कडे त्याची जबाबदारी असते. हा त्याचा ट्रेनर.

शिकाऊ डॉक्टरला स्वतःची खोली आणि स्वतःचे पेशंट मिळतात. अडले की उठायचे आणि ट्रेनरच्या दारावर टकटक करायची. अंगावरचे पुरळ असेल, बाळाचा श्वास असेल, पोटात हाताला लागलेली गाठ असेल. ट्रेनर येतो, स्वतः हात लावून बघतो, पेशंटला दोन प्रश्न विचारतो आणि आपल्या खोलीत परत जातो. सकाळचे पेशंट संपले की दोघे बसून एकेक केस चाळतात. आठवड्यातून एकदा ठरवून शिकवणी होते. कधी दोघे एकाच खोलीत बसतात आणि एक पेशंट तपासत असताना दुसरा गप्प राहून बघतो.

या बघण्यातून जे शिकायला मिळते ते पुस्तकात फारसे सापडत नाही. पेशंट बाहेरच्या खुर्चीवरून उठून टेबलापर्यंत कसा चालत आला, सांगताना कुठे थांबला, नवऱ्याकडे बघून बोलली का, दाराच्या मुठीवर हात ठेवून शेवटी हळूच काय विचारले, हे सगळे मुरलेला डॉक्टर टिपत असतो. आपण नेमके काय टिपले हे त्यालाही दरवेळी सांगता येत नाही. शिकणारा शेजारी बसतो म्हणून ते त्याच्यात झिरपते.

मार्च २०२० मध्ये हे शेजारी बसणेच संपले. जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्चला महासाथ जाहीर केली आणि ब्रिटनमध्ये २३ मार्चला टाळेबंदी लागली. त्याच सुमारास दवाखान्यांना सांगण्यात आले की प्रत्येक पेशंटशी आधी फोनवर बोला, अगदी गरज असेल त्यालाच बोलवा. त्याआधी दहापैकी आठ भेटी समोरासमोर होत असत. एप्रिलमध्ये निम्म्याच्या आसपास भेटी फोनवर गेल्या. काही दिवसांत व्हिडिओची सोयही आली. पेशंटच्या मोबाइलवर एक दुवा पाठवायचा आणि त्याच्या स्वयंपाकघरातल्या उजेडात त्याला बघायचे.

आता तुमच्या प्रश्नाच्या गाभ्याकडे येतो. वीस-पंचवीस वर्षे डॉक्टरकी केलेल्या ट्रेनरने दम लागलेला माणूस फोनवरून तपासणे कधी केलेच नव्हते. छातीला स्टेथोस्कोप लावायचा नाही, नखे-ओठ बघायचे नाहीत, श्वास मोजायचा नाही. मग दम किती लागला आहे हे कळायचे कसे? एक युक्ती सगळीकडे फिरत होती : पेशंटला एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायला सांगायचे आणि तो किती आकड्यांपर्यंत पोचतो ते बघायचे. तिला रॉथ स्कोअर म्हणतात. ऐकायला छान वाटते. पण ऑक्सफर्डच्या पुरावाधिष्ठित वैद्यक केंद्राने ती तपासून पाहिली आणि कोविडच्या पेशंटसाठी वापरू नका असे स्पष्ट सांगितले. प्राध्यापक ट्रिश ग्रीनहाल्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्चमध्येच ‘बीएमजे’ या नियतकालिकात दूरवरून पेशंट कसा तपासावा याचे एक सचित्र पान छापले होते. त्याचा रोख साध्या बोलण्यावर होता. पेशंटला आपल्या शब्दांत दम वर्णन करू द्या, तो वाक्य पुरे करू शकतो का ते ऐका, आणि काल जमत होते पण आज जमत नाही असे काही आहे का ते विचारा.

असे कागद रोज येत आणि बदलत होते. ते आधी वाचून कोण येई? बऱ्याचदा शिकाऊ डॉक्टर. त्याला परीक्षा द्यायची असते, वाचायची सवय ताजी असते, व्हिडिओ जोडायलाही त्याला वेळ लागत नाही. पण वाचलेले सगळे सारख्या वजनाचे नसते आणि कोणता कागद उद्या टिकणार नाही याचा अंदाज ट्रेनरला जास्त असतो. शिष्याने माहिती आणायची आणि गुरूने ती पारखायची, अशी ही देवाणघेवाण होती. भाचीच्या ‘बरोबरीने’ या शब्दाचा अर्थ मी असा लावतो.

याचे मला सर्वात बोलके वाटणारे उदाहरण वास जाण्याचे आहे. सुरुवातीचे अनेक आठवडे ब्रिटनच्या अधिकृत यादीत दोनच लक्षणे होती : ताप आणि नव्याने सुरू झालेला सततचा खोकला. फोनवर पेशंट मात्र सांगत होते की चहाला चव लागत नाही, साबणाचा वास येत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या तिथल्या संघटनेने मार्चमध्येच याकडे लक्ष वेधले होते. तरी ते लक्षण सरकारी यादीत आले १८ मे रोजी. मधल्या दोन महिन्यांत शिकाऊ डॉक्टरने करायचे काय? यादीत नाही म्हणून पेशंटला ‘तुम्हाला कोविड नाही’ म्हणायचे, की पेशंटचे ऐकायचे? ज्यांचे ट्रेनर म्हणाले, “यादी अजून पुरी झालेली नाही, तो काय सांगतो ते नीट लिहून ठेव आणि त्याला घरीच थांबायला सांग,” ते फॅमिली डॉक्टरकीतला मोठा धडा शिकले. मार्गदर्शक सूचना पाळायच्याच, पण पेशंटचे बोलणे त्या सूचनांच्या चौकटीत बसत नाही म्हणून सोडून द्यायचे नाही.

तुमची भाची यॉर्कशरमध्ये होती म्हणून एक आडवाटेची गोष्ट सांगतो. त्याच प्रांतात वेन्सलीडेल नावाचे खोरे आहे आणि तिथल्या एस्गर्थ गावात विल्यम पिकल्स नावाचे जी.पी. होते. १९२९ साली खोऱ्यात काविळीची साथ आली. ५,७०० वस्तीपैकी अडीचशेजण आजारी पडले. पिकल्सनी कोण कोणाला कधी भेटले याची टिपणे ठेवली. प्रत्येक गावातला प्रत्येक माणूस ओळखीचा असल्याने त्यांना ते जमले. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत किती दिवस जातात हे त्यांनी अशा टिपणांवरून वेगवेगळ्या आजारांसाठी ठरवले आणि १९३९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. पुढे जी.पी.ंच्या राष्ट्रीय कॉलेजचे ते पहिले अध्यक्ष झाले. साथीत नवे ज्ञान फक्त प्रयोगशाळेत तयार होते असा आपला समज असतो. खेड्यातला डॉक्टर वही उघडून बसला तर तोही ते तयार करू शकतो.

कोविडमध्ये या वहीची जागा ‘प्रिन्सिपल’ नावाच्या अभ्यासाने घेतली. ऑक्सफर्डमधून चालवलेल्या या अभ्यासात घरीच असलेल्या पेशंटना कोणते औषध उपयोगी पडते ते बघितले जाई आणि देशभरातले दवाखाने त्याला पेशंट जोडून देत. अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही दोन प्रतिजैविके तेव्हा जगभर कोविडसाठी लिहून दिली जात होती, आपल्याकडेही. जानेवारी २०२१ मध्ये या अभ्यासाने सांगितले की घरी बरे होणाऱ्या पेशंटना यांचा उपयोग दिसत नाही. ट्रेनरचा अनुभव आणि शिष्याचे वाचन या दोन्हींच्या वरचा हा निवाडा होता आणि दोघांनाही तो सारखाच मानावा लागला. आपले मत पुराव्यापुढे खाली ठेवणारा ज्येष्ठ डॉक्टर शिकणाऱ्याला प्रत्यक्ष बघायला मिळणे ही फार मोलाची गोष्ट आहे. एरवी ती क्वचित मिळते, कारण ज्येष्ठांची मते बहुधा शिष्य येण्याआधीच पक्की झालेली असतात.

म्हणून ‘शिकवणार काय’ याला माझे उत्तर असे : माहिती अपुरी असताना निर्णय कसा घ्यायचा, हे. फॅमिली डॉक्टरचे रोजचे काम तेच आहे. डोके दुखते म्हणून आलेल्या शंभरांतल्या एखाद्यालाच गंभीर आजार असतो आणि पहिल्या दिवशी तो ओळखू येईलच असे नाही. रॉजर नेबर नावाच्या ब्रिटिश जी.पी.ंनी १९८७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात पेशंटच्या भेटीचे पाच टप्पे सांगितले. त्यातला चौथा असा की माझा अंदाज चुकला तर काय होईल, ते मला आणि पेशंटला कसे कळेल आणि तेव्हा आम्ही काय करू, हे भेट संपण्याआधीच ठरवून ठेवायचे. एरवी घाईत हा टप्पा तोंडदेखला उरकला जातो. कोविडमध्ये त्यावर जीव अवलंबून होते. पाचव्या-सहाव्या दिवशी बरा वाटणारा माणूस आठव्या-नवव्या दिवशी घसरत होता, आणि कधी कधी ऑक्सिजन उतरलेला असूनही त्याला दम जाणवत नव्हता. नोव्हेंबर २०२० पासून इंग्लंडमध्ये जोखमीच्या पेशंटना घरी वापरायला ऑक्सिमीटर देण्याची योजना सुरू झाली : ९५ किंवा वर असेल तर घरी, ९३-९४ आला तर फोन करा, ९२ किंवा खाली तर थेट रुग्णालय. आकडे सोपे आहेत. पण एकट्या राहणाऱ्या ऐंशीच्या आजोबांना ते फोनवर समजावून, त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेऊन, परवा मी स्वतः फोन करीन असे सांगणे आणि तो करणे, हे शिकाऊ डॉक्टरने ट्रेनरचा फोन स्पीकरवर ऐकत आत्मसात केले.

प्रश्न : काही ठिकाणी ट्रेनर घरी आणि शिकाऊ डॉक्टर दवाखान्यात असे झाले म्हणतात. हे बरोबर होते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : झाले खरे, आणि त्यामागे कारण होते. वय जास्त असेल, मधुमेह असेल, दम्याचा जुना आजार असेल तर डॉक्टरलाही धोका जास्त. शिवाय पहिल्याच लाटेत दिसून आले की ब्रिटनमध्ये दगावलेल्या डॉक्टरांमध्ये कृष्णवर्णीय आणि आशियाई वंशाच्या डॉक्टरांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे आहे. तिथल्या जी.पी.ंमध्ये भारतीय उपखंडातून गेलेले डॉक्टर पूर्वीपासून मोठ्या संख्येने आहेत. औद्योगिक गावांतले आणि खाणींच्या भागातले कितीतरी दवाखाने त्यांनीच चालवले. तेव्हा प्रत्येक कर्मचाऱ्याच्या जोखमीची नोंद करून कोणी कुठे काम करावे ते ठरवले गेले. ताप-खोकल्याच्या पेशंटसाठी वेगळी केंद्रे झाली आणि तिथे मास्क, अ‍ॅप्रन, हातमोजे घालून उभी राहणारी माणसे बऱ्याचदा तरुण होती.

बरोबर होते का, याला सरसकट उत्तर नाही. शिकणाऱ्याला धोक्याच्या जागी एकटे सोडणे चूक. पण घरी बसलेला ट्रेनर पहिल्या रिंगला फोन उचलत असेल, व्हिडिओवर तिसरा म्हणून सामील होत असेल आणि संध्याकाळी तासभर बोलत असेल, तर शिकणारा एकटा नसतो. त्या काळात एक गोष्ट मात्र पुष्कळांना उशिरा कळली. दारावर टकटक करायला संकोच वाटत नाही, फोन लावायला वाटतो. ‘ते दुसऱ्या कॉलवर असतील’, ‘एवढ्याशा गोष्टीसाठी कशाला’, असे म्हणत शिकणारा शंका गिळतो. त्यामुळे शहाण्या ट्रेनरांनी आपणच वेळा ठरवल्या. तू विचारायची वाट बघणार नाही, अकरा वाजता आणि एक वाजता मी तुला फोन करणार, काही नसले तरी करणार. पूर्वी देखरेख जवळ असण्यातून आपोआप होई, ती आता ठरवून करावी लागली. त्यात मनाच्या तब्येतीचा प्रश्नही आला. नेबर यांच्या पाच टप्प्यांतला शेवटचा टप्पा डॉक्टरच्या स्वतःच्या मनाचा आहे : पुढच्या पेशंटकडे जाण्याआधी मी ठीक आहे ना? साथीत हा प्रश्न दोघांनी एकमेकांना विचारायचा होता. ट्रेनरने ‘मलाही रात्री झोप लागली नाही’ असे म्हटले, तर शिष्यालाही आपली भीती बोलून दाखवता येते. मायकेल बालिंट या हंगेरियन मनोविश्लेषकाने लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये १९५०च्या दशकात जी.पी.ंचे गट जमवून, पेशंटमुळे डॉक्टरच्या मनात काय होते यावर बोलण्याची प्रथा पाडली. ते गट आजही चालतात आणि त्या वर्षी त्यातले पुष्कळ पडद्यावर भरले.

सर्वात कठीण फोन मरणाविषयीचे होते. अतिवृद्ध, अनेक व्याधी असलेल्या माणसाला रुग्णालयात जायचे आहे का, हृदय थांबले तर ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न हवा का, हे आधी विचारून ठेवायचे असते. वेल्समधल्या एका दवाखान्याने मार्च २०२० मध्ये हे पत्राने कळवले आणि लोक दुखावले, दवाखान्याला माफी मागावी लागली. असे बोलणे टप्प्याटप्प्याने, माणसाचा स्वर ऐकत करायचे असते. ते शिकण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे : ज्याला येते त्याचे बोलणे ऐकायचे आणि मग त्याला ऐकू येईल असे आपण बोलायचे.

प्रश्न : मग परीक्षेचे काय केले? (एक वैद्यकीय विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर : लंडनमध्ये नटांना पेशंट करून तेरा भेटींची परीक्षा होत असे. ती थांबवावी लागली. तिच्या जागी २०२० च्या उन्हाळ्यात शिकाऊ डॉक्टरांनी आपल्याच खऱ्या पेशंटच्या तेरा भेटी, त्यांच्या संमतीने, ध्वनिमुद्रित किंवा चित्रित करून पाठवायच्या असे ठरले. चांगली भेट पाठवायची तर आधी आपल्याच पुष्कळ भेटी ट्रेनरबरोबर बसून ऐकाव्या लागत आणि यात खूप शिकायला मिळे. पण पाठवण्याजोगा पेशंट शोधत बसण्याचा ताणही मोठा होता. नोव्हेंबर २०२३ पासून पुन्हा नट आले आहेत, फक्त आता परीक्षा दवाखान्यातूनच पडद्यावर होते. एप्रिल २०२० मधल्या ठरलेल्या बदल्याही थांबवल्या होत्या, त्यामुळे कोणी मुलांच्या विभागात गेलेच नाही, कोणाच्या हातून गुडघे, कान, त्वचा तपासणे राहून गेले. कोविडमुळे शिक्षण मागे पडले हा शिक्षणार्थ्याचा दोष नाही, अशी वेगळी नोंद वार्षिक आढाव्यात ठेवण्याची सोय केली गेली. ही सोय मला न्याय्य वाटते.

प्रश्न : आपल्याकडे असे काही झाले का? (मिरजेच्या वाचकांचाच दुसरा प्रश्न)

उत्तर : आपल्याकडे फॅमिली मेडिसिनचे तीन वर्षांचे डीएनबी शिक्षण आहे, पण त्याच्या जागा गरजेच्या मानाने फार थोड्या. आपले बहुतेक फॅमिली डॉक्टर इंटर्नशिप संपवून, एखाद्या ज्येष्ठाच्या दवाखान्यात काही काळ बसून तयार होतात. त्या बसण्याला ना अभ्यासक्रम, ना नोंद, ना त्या ज्येष्ठाला मोबदला. ब्रिटनमध्ये ट्रेनर होण्यासाठी वेगळे शिक्षण घेऊन मान्यता मिळवावी लागते आणि शिकवण्याच्या वेळेसाठी दवाखान्याला पैसे मिळतात. हा फरक छोटा नाही. शिकवणे हे कोणाच्या चांगुलपणावर सोडलेले काम असेल, तर साथीच्या धावपळीत सर्वात आधी तेच सुटते.

तरीही एकत्र शिकणे घडले. दूरसंपर्काने रुग्णसेवा कशी करावी याचे नियम केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी काढले, तोवर फोनवर औषध सांगावे की नाही याबद्दल डॉक्टरांच्या मनात धाकधूक होती. एप्रिल २०२० मध्ये धारावीत महापालिकेबरोबर तिथलेच खासगी डॉक्टर घरोघरी तपासणीला उतरले. गल्लीबोळ आणि माणसे त्यांच्या ओळखीची, संरक्षक पोशाख आणि ऑक्सिमीटर पालिकेचे. दुसऱ्या लाटेत घरी असलेल्या पेशंटना सहा मिनिटे चालवून मग ऑक्सिजन मोजण्याची चाचणी महाराष्ट्रात घराघरांत पोचली, त्यात फॅमिली डॉक्टरांचा वाटा मोठा होता. आणि मे २०२१ मध्ये ‘माझा डॉक्टर’ या उपक्रमात राज्याच्या टास्क फोर्समधले तज्ज्ञ राज्यभरातल्या फॅमिली डॉक्टरांशी ऑनलाइन बोलले. स्टिरॉइड कधी द्यायचे आणि कधी द्यायचे नाही, पेशंटला रुग्णालयात केव्हा हलवायचे, असे सरळ प्रश्न होते. ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्येच दाखवले होते की डेक्सामेथासोनने ऑक्सिजनवरच्या पेशंटचे जीव वाचतात, पण ऑक्सिजनची गरज नसलेल्यांना त्याचा फायदा नाही. हे ठाऊक असूनही आपल्याकडे दुसऱ्या लाटेत घरच्या घरी लवकर स्टिरॉइड सुरू केलेले पेशंट पुष्कळ होते. कागद उपलब्ध होता. तो दवाखान्यातल्या डॉक्टरबरोबर बसून वाचणारे माणूस उपलब्ध नव्हते. तालुक्याच्या गावी एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या तरुण डॉक्टरला असे एक माणूस नेमून देणे, आणि त्या माणसाच्या वेळेचे पैसे देणे, हे वैद्यकीय शिक्षण चालवणाऱ्यांच्या हातात आहे आणि त्यासाठी पुढच्या साथीची वाट बघायचे कारण नाही.